टर्नबकलची टोकं

बाबांना अमरकंटकला जायचं होतं. रेल्वेने पेंड्रा रोडला उतरून पुढे गाडी करता आली असती, पण त्यांना जायचं होतं सिवनी, मंडला, दिंडोरी असं, मंडल्यापासून पुढे नर्मदेच्या सोबतीने. दोन्ही गुडघे गेलेले. लॉजचे जिने, खाली बसायचे संडास, दर मुक्कामी नवी गादी हे त्यांना झेपणारं नव्हतं. म्हणून आमच्या बोलेरो पिकअपच्या हौद्यात बसेल अशी एक झोपायची केबिन करून घेतली. आत एक पलंग, एक घडीची खाट, कमोडची खुर्ची, पाण्याची टाकी आणि बॅटरी. गाडी चालत असताना मागे कोणी बसायचं नाही, मुक्कामालाच तिचा वापर. गाडीच्या मूळ रचनेत बदल करायला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं, त्यामुळे केबिन कायमची वेल्ड करायची नाही, सामानासारखी चढवायची आणि उतरवायची, हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं होतं.

चढवायची आणि उतरवायची म्हटलं की ती हौद्याला बांधायची कशाने, हा प्रश्न आलाच. मी त्याला अगदी शेवटी हात घातला आणि तिथेच चुकलो. केबिनच्या प्लायवूडवर, खिडकीच्या जाळीवर, गादीच्या फोमवर मी दोन महिने घालवले. टर्नबकलवर दहा मिनिटं.

ज्यांनी टर्नबकल हातात घेतलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. मंडपाच्या तारा, विजेच्या खांबाचे ताण, शेतातली शेडनेट ओढून ताठ करायला जे वापरतात ते. मध्ये लांबट चौकट असते, तिला म्हणायचं बॉडी. तिच्या दोन टोकांना दोन दांड्या, एकीला सरळ आटे आणि दुसरीला उलटे. बॉडी फिरवली की दोन्ही दांड्या एकाच वेळी आत येतात, नाहीतर एकाच वेळी बाहेर जातात. १२ मिलीमीटरच्या दांडीला साधारण पावणेदोन मिलीमीटरचा आटा असतो, म्हणजे बॉडीच्या एका फेऱ्यात साडेतीन मिलीमीटर ओढ. दांड्यांच्या बाहेरच्या टोकांना हूक असतो, नाहीतर बंद डोळा, नाहीतर दोन पाकळ्यांमध्ये आडवी पिन असलेला जबडा. मी घेतली ती दोन्हीकडे हूकवाली, दहा मिलीमीटरची, घराजवळच्या एका दुकानातून. एकशे चाळीस रुपयांना एक. चार लागणार होती, एक जास्तीचं म्हणून पाच घेतली. ते पाचवं पुढे फार कामाला आलं.

पहिली चाचणी म्हणून रामटेकचं दर्शन करून मनसर, पवनी, सिल्लारी असं फिरून यायचं ठरलं. जाताना काही जाणवलं नाही. महामार्ग गुळगुळीत होता आणि केबिन शांत होती. पवनीहून आत वळल्यावर मात्र स्पीडब्रेकर सुरू झाले. पिकअपचे मागचे पाटे माल नेण्यासाठी कडक केलेले असतात, त्यामुळे अर्ध्या वजनावर मागचा भाग उसळतो. दर स्पीडब्रेकरला मागून ‘ठक्’ असा एक आवाज येत होता. मला वाटलं, आतली भांडी असतील.

परतताना मनसरला चहाला थांबलो. बाबा ऑर्डनन्स फॅक्टरीत फिटर होते. निवृत्त होऊन सोळा वर्षं झाली तरी गाडी थांबली की तिच्याभोवती एक फेरी मारायची सवय सुटलेली नाही. काठी टेकत ते मागे गेले आणि तिथूनच ओरडले, “अरे, इकडे ये. हे तर लटकून राहिलं!”

मागचं उजवं टर्नबकल चेसीकडच्या एका हूकवर लोंबकळत होतं. वरचा हूक केबिनच्या कडीतून निसटलेला. केबिन डावीकडे चांगली चार बोटं सरकून हौद्याच्या फळीला घासत होती आणि फळीचा रंग निघून पत्रा उघडा पडला होता. आणखी दहा-बारा स्पीडब्रेकर आणि एखादं जोराचं वळण, एवढंच काय ते बाकी होतं. माझ्या हातापायातलं बळ गेलं, कारण मागून एक कुटुंब मोटरसायकलवर येत होतं ते मी आरशात बराच वेळ पाहत होतो.

नायलॉनचा दोर आणि एका ट्रकवाल्या दादांनी दिलेला रॅचेट बेल्ट लावून, तीसच्या वेगाने, मानेवाड्याला घरी पोचलो. तो बेल्ट परत घ्यायला त्या दादांनी नकार दिला. “नागपूरपर्यंत पोचा पहिले,” एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी बाबांनी चारही टर्नबकल काढायला लावली आणि अंगणात वर्तमानपत्रावर ओळीने मांडली. शेजारी ते न वापरलेलं पाचवं. कपाटातून त्यांचं बारीक मापं घ्यायचं जुनं व्हर्नियर काढलं आणि प्रत्येक हूकचं तोंड मोजलं. कोऱ्या टर्नबकलच्या हूकचं तोंड १५ मिलीमीटर. पुढच्या दोघांचं साडेपंधराच्या आत. मागच्या डाव्याचं साडेअठरा. आणि निसटलेल्याचं २४. म्हणजे ते एकदम निसटलं नव्हतं, दर ठक्याला थोडं थोडं उघडत गेलं होतं, आणि डावं त्याच वाटेवर होतं. बाबांनी मग बॉड्या पाहिल्या. निसटलेल्याची बॉडी जवळजवळ चार फेरे ढिली झाली होती; दहाच्या दांडीला दीड मिलीमीटरचा आटा, म्हणजे बाराएक मिलीमीटरची सूट. बॉडी फिरू नये म्हणून तिला भिडवून कसतात तो चेक नट नाही, तार नाही, काही नाही.

“हे दोन्ही मिळून झालं,” ते म्हणाले. “पहिले ढिलं झालं. ढिलं झालं म्हणून केबिन उसळून आपटून राहिली. आपटून राहिली म्हणून हूक उघडला. ताठ बांधलेल्याला ओझं लागते, ढिल्या बांधलेल्याला हातोडा लागते.”

ते वाक्य मी त्याच वर्तमानपत्राच्या कडेला लिहून ठेवलं.

पुढच्या आठवड्यात आम्ही इतवारीत लोहा ओळीत गेलो. बाबांना गाडीतच बसवून मी एकेका दुकानातून नमुना आणायचा आणि त्यांनी मांडीवर घेऊन पाहायचा, असं चाललं. पहिल्या तीन दुकानांत मी एकच मागत होतो, “भाऊ, जाड दाखवा.” मला तेव्हा जाडी म्हणजेच ताकद वाटत होती. एका शेठजींनी सोळा मिलीमीटरचं, हातात धरलं तर मनगट वाकेल असं टर्नबकल काढून दिलं. मी खूश. बाबांनी ते उलटंपालटं केलं, नखाने रंग खरवडला. बॉडीच्या कडेला रुंद, खरबरीत शिवण होती आणि एका कोपऱ्यात टाचणीचं टोक जाईल एवढं भोक. “हे ओतीव आहे. साच्यात ओतलेलं. मंडपाला ठीक आहे.” घडीव म्हणजे फोर्ज केलेल्या बॉडीला शिवण असते, पण ती बारीक, कापून सपाट केलेली, धातू दाबून घडवलेला असतो, म्हणून आत पोकळी राहत नाही. ओतीव लोखंडाला दाब सोसतो, एकदम बसलेला हिसका सोसतोच असं नाही.

मग त्यांनी त्याच टर्नबकलचा हूक माझ्यापुढे धरला. बॉडी सोळाची असली तरी हूक म्हणजे दांडीच वाकवून केलेली, आणि दुसऱ्या टोकाचा डोळाही नुसता वळवून आणलेला, तोंड जुळवून वेल्ड केलेलं नाही. ओढ लागली की दोन्ही सरळ व्हायला बघणार. “बॉडी काहून पाहून राहिला तू? टोकं पाहा, टोकं.”

खरं म्हणजे हे आकड्यांतही स्पष्ट लिहिलेलं असतं, मी ते आधी वाचायला हवं होतं. अमेरिकी मानकाप्रमाणे केलेल्या घडीव टर्नबकलची अर्धा इंची मापाची सुरक्षित भारक्षमता हूक असेल तर १,५०० पौंड आणि डोळा किंवा जबडा असेल तर २,२०० पौंड. किलोत सांगायचं तर ६८० आणि जवळपास १,०००. दांडी तीच, आटे तेच, बॉडी तीच. फक्त टोक बदललं. पाऊण इंचाला तर फरक आणखी वाढतो, हूकला ३,००० आणि जबड्याला ५,२००. हूकच्या जागी जबडा घ्या, पिन घाला, पिनेला स्प्लिट पिन घाला, की तो उघडायचाही नाही आणि उडी मारून निसटायचाही नाही.

स्टेनलेस स्टीलच्या टर्नबकलचा मोह मला झाला होता, हे कबूल करतो. एका दुकानात ३०४ ग्रेडचं चकचकीत टर्नबकल होतं, केबिनला शोभून दिसलं असतं. पण स्टेनलेसचे आटे स्टेनलेसमध्येच ताणाखाली फिरवले की एकमेकांना धरतात, जाम होतात आणि मग कापूनच काढावे लागतात. आटे जाम होऊ नयेत म्हणून खास वंगण मिळतं, ते नेमाने लावलं तर भागतं. समुद्रकाठी मी तेच घेतलं असतं. नागपुरात, जिथे वर्षाचे आठ महिने धूळच असते, तिथे गरम जस्ताचा थर दिलेलं पुरे, असं बाबांचं मत पडलं.

शेवटी क्रेनला, कारखान्यांना साखळ्या आणि शॅकल पुरवणाऱ्या एका दुकानात आम्हाला हवं ते सापडलं. त्या शेठजींनी आधी विचारलं, “लोड कितना है, और झटका लगेगा क्या?” दुसरा प्रश्न विचारणारे ते पहिलेच. घडीव, दोन्हीकडे जबडा, अर्धा इंची, बॉडीवर बनवणाऱ्याची खूण, माप आणि भारक्षमता ठोकून उमटवलेली, सोबत चाचणीचा कागद. सातशे ऐंशीला एक. चारचे तीन हजार एकशे वीस झाले. केबिनच्या गादीला यापेक्षा जास्त गेले होते.

आता वजनाचा हिशेब. वाडीला वजनकाट्यावर गाडी आधी रिकामी आणि मग केबिन चढवून, टाकी भरून तोलली होती. फरक आला ५४० किलो. अमेरिकेत मालवाहू गाड्यांसाठी नियम आहे की बांधणीने पुढच्या दिशेने मालाच्या वजनाच्या ०.८ पट, आणि मागे व दोन्ही बाजूंना ०.५ पट जोर धरला पाहिजे. आमच्यासाठी पुढे ४३२ आणि बाजूला २७० किलो. पुढचा काही जोर हौद्याची पुढची भिंत घेते. गाडीच्या कडीतून थेट मालाच्या कडीत जाणाऱ्या बांधणीची निम्मीच क्षमता धरायची, असंही त्या नियमांत आहे. निम्मी धरूनही चार जबडेवाल्यांची मिळून दोन हजार किलोच्या आसपास होते. म्हणजे आकड्यांनी भरपूर. पण कागदावर तसं पाहिलं तर जुन्या हूकवाल्यांनीही निभावून न्यायला हवं होतं. अडचण अशी की त्यांच्यावर कुठलाच आकडा नव्हता. आकडा नसलेल्या वस्तूला मी मनानेच एक आकडा देऊन टाकला होता.

टर्नबकल घेऊन घरी आल्यावर बाबांनी विचारलं, “हे कशात अडकवशील?” केबिनच्या चौकटीत मी आय बोल्ट, म्हणजे डोक्याला कडी असलेले बोल्ट, बसवले होते. आय बोल्ट सरळ ओढला तर पूर्ण ताकद देतो. तिरका ओढला की ती घटते. ४५ अंशाला खांदा असलेल्या आय बोल्टचीही क्षमता तीस टक्क्यांवर येते. आमची सगळी ओढ तर तिरकीच होती, कारण पुढची टर्नबकल पुढे झुकवून आणि मागची मागे झुकवून लावायची असतात, म्हणजे ती एकमेकांविरुद्ध ओढतात आणि केबिन पुढेमागे जाऊ शकत नाही. आय बोल्ट काढले. त्या जागी आतून जाड पट्टी देऊन, चार-चार बोल्टांनी कसलेले कान बसवले, ओढीच्या रेषेतच वळवलेले. खाली चेसीवर भोक पाडलं नाही, वेल्डिंग तर नाहीच. आधीच्या भोकांतून बोल्ट घालून कंस कसले. हौद्याच्या पत्र्याला बांधू नका, हे मी प्रत्येकाला सांगतो. पत्रा ओढ धरत नाही, तो हळूहळू फाटतो आणि ते रंगाखाली दिसतही नाही.

तरी माझं मन धजत नव्हतं. ओळखीच्या एका सळयांच्या गोदामात चेन पुली आहे, तिथे गेलो. १२ मिलीमीटरच्या बारा मीटर लांब सळईचं वजन साडेदहा किलोच्या वर भरतं. साठ सळयांचा गठ्ठा म्हणजे ६४० किलो. आधी ते पाचवं, कोरं हूकवालं टर्नबकल मध्ये जोडलं. टर्नबकल हे माल उचलायचं साधन नव्हे, म्हणून सगळ्यांना लांब उभं केलं आणि गठ्ठा जमिनीपासून फक्त दोन बोटं उचलला. आवाज काहीच आला नाही. खाली ठेवून मोजलं: तोंड १५ वरून १९. एका उचलीत, हिसका न देता. मग जबडेवालं लावलं. पिन ते पिन अंतर आधी आणि नंतर मोजलं, व्हर्नियरच्या रेघेला रेघ जुळली. पिन हाताने सहज निघाली. बाबांनी ती पिन बोटांत फिरवली, उजेडाकडे धरून वाकली आहे का पाहिलं आणि खिशातल्या रुमालाने पुसून परत बसवली. त्या क्षणी माझी भीती गेली.

चेक नटाचं मात्र जमलं नाही. उलट्या आट्याच्या बाजूला उलट्या आट्याचाच नट लागतो आणि तो लोहा ओळीत दोन चकरा मारूनही मिळाला नाही. बाबांनी मग तार घातली, फॅक्टरीतल्या पद्धतीने: एका जबड्यातून निघून बॉडीच्या खिडकीतून आरपार आणि दुसऱ्या जबड्यात, पिळून. बॉडी फिरायची म्हटली तर तार तिला धरते. शिवाय बॉडीपासून दांडीवर पांढऱ्या रंगाची एक आडवी रेघ ओढली. रेघ तुटलेली दिसली की समजायचं, फिरलं.

स्प्रिंगची कल्पनाही त्यांचीच. खड्ड्यातून जाताना चेसी पिळते. केबिन पिळत नाही. दोघांना लोखंडाने ताठ जखडलं की पिळाचा सगळा जोर कानांवर येतो. अमेरिकेत पिकअपवर अशा केबिन सर्रास असतात, तिथे टॉर्कलिफ्ट, हॅपीजॅक अशा कंपन्यांची स्प्रिंग असलेली टर्नबकल मिळतात. आम्ही पुढच्या दोघांना खालच्या कंसात दांडीवर एक जाड दाबाची स्प्रिंग आणि तिच्याखाली मोठा वॉशर दिला. ओढ आली की स्प्रिंग दाबली जाते. आणि ती तुटलीच तरी वॉशर कंसात अडकून राहतो, बांधणी सुटत नाही. ताणाची स्प्रिंग, म्हणजे ओढून लांब होणारी, इथे कधीच लावू नये. ती तुटली की सगळंच सुटलं.

राहिला मागचा कॅरियर. बाबांची घडीची व्हीलचेअर केबिनमध्ये मावत नव्हती, म्हणून मागच्या हिचला, म्हणजे ट्रेलर जोडायच्या जागेला, कॅरियर लावला होता. पण केबिनचं दार आणि पायरी मागेच उघडते, म्हणून हिचची दांडी दीड फूट लांबवावी लागली. कॅरियर आणि खुर्ची मिळून चाळीस किलो. ते तीस सेंटीमीटरवर होतं, आता पंचाहत्तरवर गेलं. हिचच्या मुळावरचा पीळ अडीच पट झाला. चाळीस किलोला ते चालून जातं, पण वळणावर लांब दांडी शेपटीसारखी हलते. दांडीच्या टोकापासून चेसीच्या दोन्ही बाजूंना इंग्रजी व्ही अक्षरासारख्या दोन साखळ्या आणि प्रत्येकीत तीन-अष्टमांश इंचाचं जबडेवालं टर्नबकल दिलं. ही दोन फक्त सैलपणा निघेपर्यंत कसायची. एक बाजू जास्त ओढली तर दांडी तिकडेच वाकते. नंबरप्लेट आणि मागचे दिवे खुर्चीआड जात होते, ते कॅरियरवर पुन्हा बसवून घेतले.

फेब्रुवारीत निघालो. कुरई घाटात मी तीनदा थांबलो. बाबा एकदाही वैतागले नाहीत, दर वेळी काठी घेऊन उतरले. सिवनीला पहिला मुक्काम. सकाळी चहाच्या आधी ते सहाही टर्नबकलच्या रेघा पाहायचे आणि मग बॉडी हाताने हलवून बघायचे. पहिल्या दिवसानंतर चारही मोठी अर्धा-अर्धा फेरा कसावी लागली, केबिनखालचं रबर बसलं होतं म्हणून. मंडल्याला घाटावर खुर्ची उतरवून बाबांना पाण्यापर्यंत नेलं. दिंडोरीच्या पुढे रस्ता खराब होता आणि मी प्रत्येक खड्ड्याला कान मागे लावून बसलो होतो. ठक् आला नाही.

अमरकंटकला पोचलो तेव्हा दिवस मावळत होता आणि थंडी चांगलीच होती. बाबा उतरले. मला वाटलं आधी कुंडाकडे जातील. ते मागे गेले, मोबाइलच्या उजेडात वाकून एकेक रेघ पाहिली. पाच जागच्या जागी होत्या. मागच्या डाव्याची रेघ तुटली होती, पाव फेरा, तारेने तिथेच धरलेली. त्यांनी तार सोडवली, पाव फेरा मागे आणला, पुन्हा पिळली आणि माझ्याकडे हात पुढे केला. “चल आता. खुर्ची काढ.”